हुसकावणं, उठवणं आणि सरसकट ‘एव्हिक्ट’

कराडकर: काल एका भाषांतरकारांनी लिहिलं, ‘हुसकावणे, हाकलणे, उठवणे, सगळ्याला इंग्रजीत एव्हिक्ट चालतं, उगाच कीस पाडू नका.’ डोकंच सणकलं. एव्हिक्ट भाडेकरूला करतात, कायद्यानं. उभ्या उसातनं रानडुक्कर हुसकावताना नोटीस देता का? तिथं ड्राइव्ह आउट. शाळेतनं काढलं तर एक्सपेल, खुर्चीवरनं खेचलं तर आउस्ट. आणि साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना १८३९ साली इंग्रजांनी गादीवरून काढून काशीला धाडलं, तेही एव्हिक्ट? डिपोज!

वाईचा भाचा: डिपोज गादीपुरतं. काशीला धाडलं ते बॅनिश. दुसऱ्याला शिकवताना स्वतःचं तपासा की.

कराडकर: बरं बाबा, बॅनिश. घ्या तुमचा एक मार्क.

पाटण खोरे: डुकरं झाली, राजे झाले, आता माणसांकडं या. कोयनेच्या पाण्यासाठी आमचं गाव उठवलं. इंग्रजी कागदात डिस्प्लेस्ड, जणू कपाट सरकवलं. आजी मरेपर्यंत म्हणायची, ‘आमाला उठीवलं.’ भावकी फुटली. चुलत आजोबा सोलापूरकडं गेले, आम्ही वर डोंगराला. धरण साठच्या दशकात भरलं, पुनर्वसनाचा कायदा आला १९७६ला. मधल्या वर्षांना कुठलं क्रियापद लावू?

वाईचा भाचा: दादा, विषय भाषांतराचा आहे. आणि त्या विजेवर अख्खा महाराष्ट्र चालला, तेही बोला.

पाटण खोरे: चालला ना. तुमचा बल्ब पेटावा म्हणून आमच्या चुलीवर पाणी आलं. वाईत बसून अक्कल शिकवू नका.

सांगलीची मावशी: भांडू नका रे. मी जमिनीची कागदपत्रं इंग्रजीत करते. तिथं ‘अपरूटेड’ लिहिलं की वकील कागद परत पाठवतो. डिस्प्लेस्ड कोरडं आहे, पण दावा त्यावर उभा राहतो. आणि इंग्रजीला एवढी नावं ठेवता, तर ‘गाव उठवलं’मध्ये तरी कर्ता कुठाय? कोणी उठवलं?

पाटण खोरे: कोणी ते खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, म्हणून सांगत नव्हते. तुमचा इंग्रज वाचणारा ते कुठनं ओळखणार? पण वकिलाचं म्हणता ते असेल खरं. तुमचा धंदा आहे.

कराडकर: मग आजीचं वाक्य कसं करायचं?

पाटण खोरे: ‘दे मेड अस लीव्ह.’ दे कोण विचारलं तर आमच्याकडं पाठवा.

सांगलीची मावशी: गोष्टीत घाला खुशाल. माझ्या कागदात डिस्प्लेस्डच राहणार.