सिटिझनशिपचा एकूण खर्च किती धरायचा? (आम्ही दोघं, दोन मुलं, न्यू जर्सी)

एडिसनचा_पाहुणा
मंडळी, ग्रीन कार्डला नऊ वर्षं होऊन गेली, आता मी आणि बायको अमेरिकन सिटिझनशिपला अप्लाय करायचं म्हणतोय. मोठा मुलगा १४ वर्षांचा, जन्म सांगलीचा, त्याचंही ग्रीन कार्ड आहे, धाकटी इथलीच आणि तिचं ओसीआय (भारतात ये-जा करायचं आजीवन व्हिसासारखं कार्ड) झालंय. ऑफिसातला एकजण म्हणाला वकील धरून सहा हजार डॉलर बाजूला काढ, ग्रीन कार्डही पुढच्या वर्षी संपतंय म्हणजे ते आधी रिन्यू कर, आणि मुलाचं सिटिझनशिपचं सर्टिफिकेट वेगळं. खरंच एवढं लागतं का हो? त्यात डिसेंबरात भाच्याचं लग्न, तिकिटं काढायचीयत.

खमंग_चिवडा
सहा हजार कशाला! सिटिझनशिपचा अर्ज, म्हणजे फॉर्म एन-४००, ऑनलाइन भरलात तर माणशी ७१० डॉलर, कागदावर ७६०, बायोमेट्रिक (बोटांचे ठसे, फोटो) त्यातच आलं. दोघांचे १,४२० झाले. ग्रीन कार्ड रिन्यू करायच्या फॉर्मला, आय-९० ला, ऑनलाइन ४१५ जातात, ते दोघांचेही वाचवा, कारण एन-४०० ची पावती आली की कार्डाची मुदत २४ महिने वाढलेली धरतात, म्हणून ते संपायच्या आधीच अप्लाय करा.
मुलाला वेगळा अर्ज लागत नाही. तो १८ च्या आत आहे, ग्रीन कार्डवर तुमच्याजवळ राहतो, म्हणजे तुमच्यापैकी एकाची नागरिकत्वाची शपथ झाली की तो आपोआप सिटिझन. त्याच्या सर्टिफिकेटचा फॉर्म एन-६००, ऑनलाइन १,३३५ डॉलर, आणि त्याची गरज नसते, १३५ मध्ये अमेरिकन पासपोर्ट काढा, तोच पुरावा. हात आखडता असेल तर आधी एकानेच भरायचं, दुसऱ्याने पुढच्या वर्षी, मुलाचं काम तरीही होतं.
वकिलाचं म्हणाल तर अटक, कोर्ट, टॅक्सची थकबाकी, सहा महिन्यांहून लांब भारतवारी असं काही असेल तर जरूर घ्या, तिथे पैसे वाचवू नका. साधी केस असेल तर फॉर्म आपला आपण भरता येतो. सिटिझनशिपच्या मुलाखतीत जी नागरिकशास्त्राची टेस्ट असते तिचे १२८ प्रश्नही सरकारी साइटवर फुकट आहेत, त्यातले २० विचारतात, १२ बरोबर आले की पास. कोर्सबिर्स लावू नका.

माहेर_मिरज
चिवडा, इकडचं सांगितलंस पण लोक मार खातात ते भारताच्या बाजूच्या खर्चात. शपथ घेतली की आपण भारताचे नागरिक उरत नाही, दुहेरी नागरिकत्व नाहीच, त्यामुळे भारतीय पासपोर्ट सरेंडर करायचा, त्याची फी, मुलाचाही असेल तर त्याचीही. मग ओसीआय माणशी २७५, तुम्ही तिघं म्हणजे ८२५, वर सर्व्हिस चार्ज, कुरिअर, फोटो. अमेरिकन पासपोर्ट मोठ्यांना १६५, घाई असली तर माणशी ६० जास्त.
आता डिसेंबरचं. शपथेच्या वेळी ग्रीन कार्ड काढून घेतात, जुन्या पासपोर्टवर प्रवास करायचा नाही (केलात तर दंड), नवा यायचाय, ओसीआय त्याच्याही पुढे. शपथ नोव्हेंबरात आली तर लग्नाची तिकिटं हातात आणि जायला कागद नाही. ओसीआय वेळेत झालं नाही तर व्हिसा काढावा लागेल, तो खर्च धरून ठेवा आणि तारीख बदलता येईल असंच तिकीट घ्या. माझ्या नणदेला बदलायचे पैसे पडले ते एन-४०० च्या फीपेक्षा जास्त होते, काय बोलणार.
आणि वहिनींचं नाव बघा. जुन्या पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, लायसनवर नवऱ्याचं, जन्मदाखल्यावर नुसतंच माहेरचं, असा घोळ आपल्याकडे घरोघरी. एन-४०० मध्येच नाव बदलून मिळतं, जादा फी नाही. फक्त बऱ्याच ठिकाणी मग कोर्टातली शपथ लागते, तारीख लांबू शकते.

सातबारा_काका
ओसीआय झालं की गावाकडची शेती जाते, याचा हिशोब कुणी धरला का?

माहेर_मिरज
काका, जात नाही. वारशाने आलेली राहते. नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही, पण ते एनआरआयलाही येत नाहीच, त्यामुळे त्या बाबतीत आज आहे तेच उद्या. मतदान मात्र गेलं.

एडिसनचा_पाहुणा
म्हणजे १,४२० अधिक पासपोर्ट ४६५ अधिक ओसीआय ८२५, झाले २,७१०. सरेंडर आणि किरकोळ धरून ३,२०० बाजूला काढतो, व्हिसा-तिकिटाचं वेगळं. पासपोर्टला नॅचरलायझेशन सर्टिफिकेट (शपथेनंतर मिळणारा नागरिकत्वाचा दाखला) ओरिजिनल द्यायचं का पण?

खमंग_चिवडा
हो, ओरिजिनलच, परत येतं वेगळ्या पाकिटातून. जायच्या आधी रंगीत स्कॅन करून ठेवा, ओसीआयला अपलोड करायला लागतो. आणि पहिल्या पासपोर्टचा अर्ज स्वतः जाऊनच द्यायचा असतो, तिथेच सर्टिफिकेट द्या, हरवलं तर दुसरं काढायला ऑनलाइन ५०५ पडतात.