कॅरेक्टरची बढती एक्सपीवर (खेळून मिळणाऱ्या अनुभवाच्या पॉइंटांवर) द्यायची, की खेळातल्या कुणीतरी मान्य केल्यावर?

लालमाती

पाच महिने झाले, आम्ही सहाजण रविवारी कोल्हापुरात राजारामपुरीत जमून स्वतःचा फँटसी आरपीजी, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक कॅरेक्टर घेऊन खेळायचा खेळ, बांधतोय. राज्य काल्पनिक, पण डोंगरी किल्ले, ऊस, गुऱ्हाळं, तालमी सगळं आपल्या भागातलं. लढाईचे नियम जमले. गाडी अडलीय बढतीवर.

मला लेव्हल नकोत. १९७४ च्या डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या खेळापासून ती पद्धत चालत आलीय. पण दहाव्या लेव्हलचा माणूस गावात नेमका कोण असतो, हे कुणालाच सांगता येत नाही. १९८६ च्या वॉरहॅमर फँटसी रोलप्लेनं त्याऐवजी पेशे आणले. उंदीर पकडणारासुद्धा तिथं नायक असतो. २०१८ च्या चौथ्या आवृत्तीत प्रत्येक पेशाला चार पायऱ्या आहेत. पायरी पुरी केली की १०० एक्सपी भरून वर जायचं, अर्धवट सोडली तर २००.

म्हणजे तिथंही बढती विकतच घ्यायची. तालमीत असं होत नाही. पोरगं आधी रेवड्यांच्या कुस्तीला उतरतं, मग शंभर-पाचशेच्या जोडीत, आणि बरीच वर्षं माती खाल्ल्यावर कधीतरी खासबागेच्या कुस्ती मैदानात वरच्या जोडीत लागतं. ती जोड तो स्वतः लावत नाही. म्हणून माझा नियम: कौशल्य पुरं झालं तरी त्या पेशातल्या वरच्या माणसानं सगळ्यांदेखत मान्य केल्याशिवाय पायरी चढायची नाही.

दसरा चौक

मी याच टेबलावर खेळतो आणि हा नियम मला अजिबात मान्य नाही.

वरच्यानं हो म्हटल्याशिवाय वर जायचं नाही, हा नियम आपल्या गावांनी पिढ्यानपिढ्या चालवलाय. कुणी काय काम करायचं हे जन्मावर ठरायचं. याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला सरकारी नोकऱ्यांतल्या ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या, कारण दारात बसलेली माणसं आपणहून दार उघडत नव्हती. फँटसीत ड्रॅगन चालतो, मग उघडं दार का चालत नाही?

आणि खेळातला वस्ताद बोलतो कुणाच्या तोंडून? गेम मास्टरच्या, खेळ चालवणाऱ्या तुझ्याच. म्हणजे अख्ख्या टेबलाची बढती एकाच्या मर्जीवर. माझ्या बहिणीचं कॅरेक्टर गुऱ्हाळावर जाळ घालतं, तिला गुळव्या, म्हणजे गूळ रांधणारा कारागीर, व्हायचंय. तीन सेशन तू म्हाताऱ्या गुळव्याच्या तोंडून "बाईमाणसानं काहिलीजवळ (रस उकळायच्या कढईजवळ) यायचं नाही" एवढंच वदवलंस. गेल्या रविवारी ती आली नाही.

डी-शंभर

भावांनो, आकडे मांडल्याशिवाय हा वाद मिटणार नाही. वॉरहॅमरच्या चौथ्या आवृत्तीचाच हिशोब करू. पहिल्या पायरीला आठ कौशल्यांत प्रत्येकी ५ वाढी लागतात, म्हणजे ४०, आणि त्या ४० कॅरेक्टर बनवतानाच फुकट मिळतात. तीन मूळ गुणांत १५ हव्यात, त्यातल्या ५ फुकट. उरल्या १०, प्रत्येकी २५ ने २५० एक्सपी. वर चढायचे १००. एकूण ३५०. आपण सेशनला १०० देतो, म्हणजे चौथ्या रविवारी काम झालं.

आता दुसरी पायरी. आठ कौशल्यं ५ वरून १० वर, प्रत्येक वाढ १५ ची: ६००. जुने तीन गुण ५ वरून १० वर, वाढीला ३०: ४५०. नवा चौथा गुण शून्यापासून: २७५. एक टॅलेंट (खास क्षमता) १०० आणि चढायचे १००. बेरीज १५२५. सोळा रविवार! ज्याला महिन्यातून एकदाच जमतं त्याला सव्वा वर्ष उलटून जाईल, आणि त्यावर वस्तादाची परवानगी? लालमातीचा नियम मला आवडतो, पण मग एक्सपीचा खर्च निम्म्यावर आणा. पैसे पण भरायचे आणि पाया पण पडायचं, असं नको.

पन्हाळ्याचा पहारा

तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एका दोरीत बांधताय: हुन्नर आणि हुद्दा.

शिवकाळातलं घोडदळ घ्या. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी. पंचवीसातले दहाजण हवालदाराच्या तोडीचे असतील, पण जागा एकच. हुन्नर अंगात असतं, हुद्दा दुसऱ्याच्या हातात. आणि शिलेदाराचं घोडं स्वतःचं, बारगिराचं सरकारी. तलवार दोघांची सारखी चालली तरी पेशा वेगळा.

हुन्नर वापरून वाढू दे. १९७८ च्या रूनक्वेस्टमध्ये हे फार सुरेख आहे: कौशल्य खेळात यशस्वी वापरलं की नंतर शंभराचा फासा टाकायचा, आणि आकडा सध्याच्या टक्क्यांपेक्षा जास्त आला तरच वाढ. जितकं येतं तितकं पुढचं शिकणं अवघड. त्याला कुणाची परवानगी कशाला?

लालमाती

आधी गुऱ्हाळाचं. चूक माझी आहे. मला अडथळा उभा करायचा होता, मी भिंत बांधली. तिला मी स्वतः फोन करतो.

पहाऱ्याचं पटलं. हुन्नर वापरावर, परवानगी नाही. पण हुद्द्याला कुणीतरी मान्य करणं मी काढणार नाही, कारण माझ्यासाठी सगळा खेळ तिथंच आहे. तुझ्या कॅरेक्टरला कुणी पहिल्यांदा "वस्ताद" म्हणून हाक मारली तो रविवार तुला वर्षभर आठवतो. १५२५ चा आकडा कुणाला आठवत नाही.

दार मात्र एक ठेवत नाही. वरच्यानं मान्य करावं, किंवा मैदानात उघड आव्हान देऊन जिंकावं, किंवा कामानंच सांगावं. पाकाचा थेंब पाण्यात टाकला की गोळी धरते किंवा धरत नाही, त्यात म्हाताऱ्याचं मत लागत नाही. सौद्यात गुळाच्या रव्याचा (ढेपेचा) रंग आणि कणी बघून भाव निघतो. भाव चढला की ती गुळव्या झाली.

दसरा चौक

तिसरं दार चांगलं आहे, त्याबद्दल मनापासून आभार. तरी माझा विरोध संपलेला नाही. कुठल्या दारानं जायचं हे खेळाडूनं निवडायचं आणि फासा सगळ्यांसमोर टाकायचा, हे नियमात लिही. नुसतं तोंडी नको.

आणि म्हातारा तिला आयुष्यभर गुळव्या म्हणणार नसेल तर नसू दे. तेही खरंच आहे, ते मी काढ म्हणत नाही. फक्त त्याच्या नकारानं तिची पायरी अडता कामा नये.

ती येते म्हणालीय. काहिलीचा सीन पहिला ठेव.