मदत हवी आहे: हॉलंड लॉप सशांच्या शोमध्ये जज नेमकं काय बघतात?

नमस्कार मंडळी, ससेवाले कोणी असतील तर प्लीज वाचा. आम्ही ओहायोत असतो, लेक शाळेतल्या मैत्रिणींमुळे फोर-एचमध्ये (इथला मुलांचा क्लब) गेली आणि घरात एक हॉलंड लॉप आला, ते कान पडलेले गोबरे छोटे ससे असतात ना त्यातला. तर परवा तिला अमेरिकन रॅबिट ब्रीडर्स असोसिएशनच्या शोला युथ म्हणजे मुलांच्या गटात उतरवलं. टेबलावर ओळीने पिंजरे, जज एकेकाला बाहेर काढणार, उताणं करून दात नखं बघणार, मग नीट बसवून पाठीवरून हात फिरवणार आणि शेजारी लिहायला बसलेल्या बाईंना भराभर काहीतरी सांगणार, मिनिटभरात खेळ खल्लास. आमच्या वेळी मला कळलं ते एवढंच: खांदे अरुंद, क्राउन मागे सरकलाय, आणि मोल्टमध्ये आहे, म्हणजे केस गळतायत. नंबर शेवटचा. लेक म्हणते माझ्याच सशाचा रंग सगळ्यांत भारी होता (होताच, मस्त ऑरेंज आहे) मग मार्क गेले कुठे? आणि सांगलीहून आमचे बाबा रोज विचारतायत की सशांना पळवतात की नुसतं बघतात!

यातलं घरी काय सुधारता येईल आणि काय नाही ते कोणी सांगेल का? दुसरा ससा घ्यायचा हट्टही सुरू झालाय.

लंबकर्ण:
रंगावर जाऊ नका हो, हॉलंडमध्ये रंगाला १०० पैकी ४ मार्क आहेत. चार! ८४ मार्क नुसत्या बांध्याचे, त्यात शरीर ३२, डोकं २४, पाय आणि हाडं १०, कान १०, क्राउन ८. उरलेले फर ७ आणि कंडिशन म्हणजे एकूण तब्येत ५. हेच डच ससा असता तर निम्मे मार्क अंगावरच्या पट्ट्यांनाच गेले असते, म्हणून जातीप्रमाणे पुस्तक बघायचं, स्टँडर्ड ऑफ परफेक्शन म्हणतात त्याला, घेऊनच टाका. आणि जज काही तिथे बेरीज करत बसत नाही, पुस्तकातला आदर्श ससा डोक्यात ठेवून टेबलावरचे एकमेकांशी ताडून बघतो.

क्राउन म्हणजे दोन कानांच्या मुळांमध्ये डोक्यावर आडवा जाड उंचवटा असतो तो. तो मागे घसरला की कान गालांशेजारी न लोंबता मानेकडे जातात. याला आणि अरुंद खांद्यांना घरी काही इलाज नाही, ते आईबापांकडून येतं.

बाबांना सांगा, खिल्लारच्या प्रदर्शनात दात बघून आदत, दुसा, चौसा गट लावतात तसे इथे वयावर गट आहेत, हॉलंडमध्ये सहा महिन्यांच्या आतला ज्युनियर, वरचा सीनियर, आणि त्यातही नर मादी वेगळे. आणि ते अगदीच चुकीचं विचारत नाहीयेत बरं का, इंग्लिश स्पॉट किंवा बेल्जियन हेअर या जातींना खरंच टेबलावर चालवून पळवून बघतात.

गाजरहलवा:
वरच्यांशी सहमत पण मोल्टचं राहिलं. केस गळत असताना शोला नेऊच नका, फरचे आणि कंडिशनचे दोन्हीकडचे मार्क जातात. आंघोळ तर अजिबात घालू नका, हात ओला करून गळलेले केस काढायचे, बाकी नवी फर यायला लागतो तेवढा वेळ लागणारच. वजनही बघत जा, हॉलंड ४ पाउंडांच्या वर गेला की थेट बाद. पोझ द्यायची सवय मात्र रोज घरी करता येते, हॉलंडला डोकं वर, भार मागच्या भागावर आणि पुढचे पाय टेबलाला हलके टेकलेले असं बसवतात. आमचा तर सुरुवातीला गाठोड्यासारखा पसरायचा.

दुसरा ससा घेण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. त्याआधी लेकीला शोमनशिपला घाला की! तिथे ससा कसा आहे याला महत्त्व नाही, मुलाला किती येतं ते बघतात. पांढरा कोट घालून जजसमोर कान, डोळे, नाक, दात, नखं सगळं तपासत मोठ्याने सांगायचं असतं. शेवटून पहिला आलेला ससाही तिथे चालतो, आणि हेच करता करता पुढचा ससा कसा निवडायचा ते तिला आपोआप कळेल.

लंबकर्ण:
हे बेस्ट. आणि घ्यायचाच झाला तर शोमध्येच ब्रीडर भेटतात, तिथे हातात घेऊन बघा. नखं सगळी १८ मोजून बघायची, रंगीत सशाला एक जरी पांढरं निघालं तरी बाद. डाव्या कानातला ओळखीचा टॅटू वाचता आला पाहिजे.

धागाकर्ती:
खूप खूप आभार दोघांचे! शोमनशिपचं लेकीला सांगितलं तर आत्तापासूनच बाबांना कॉलवर सशाचे दात दाखवतेय. अजून एक, दात तपासताना तो लाथा मारतो, एकटीने कसं धरायचं?

गाजरहलवा:
एका हाताने कानांच्या मुळाशी डोकं धरायचं, दुसरा हात मागच्या भागाखाली, आणि अंगाशी टेकवून अलगद उताणा करायचा. पाठ लोंबकळू द्यायची नाही, लाथ मारताना कणा मोडू शकतो. सुरुवातीला जमिनीवर बसूनच करू दे तिला.