प्रोसेसर एक, तापमानं चार: खरं कोणतं धरायचं?

माळरान:
मशीन असं आहे: एएमडीचा रायझन 5 5600एक्स प्रोसेसर, सोबत मिळालेला रेथ स्टेल्थ कूलर, बी450 मदरबोर्ड. काल दुपारी काहीही चालू नसताना आलेले तापमानाचे आकडे देतोय, सगळे सेल्सिअसमध्ये. बायॉसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीचा बोर्डाचा सेटिंगचा पडदा) 54. एचडब्ल्यूइन्फो या सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'टीसीटीएल/टीडाय' (प्रोसेसर स्वतः सांगतो तो आकडा) समोर 46 ते 60 अशा सारख्या उड्या. त्याच प्रोग्रॅममध्ये खाली बोर्डाच्या यादीत 'सीपीयू' समोर 45. आणि एएमडीच्या स्वतःच्या रायझन मास्टरमध्ये 42.

माझं मत स्पष्ट आहे. एका चिपला एका वेळी एकच तापमान असतं. चार आकडे येत असतील तर तीन चुकीचे, आणि चुकीचा आकडा दाखवणारा प्रोग्रॅम फुकट मिळाला तरी ठेवू नये. इथल्या एका दुकानदाराने बायॉसमधला 54 दाखवून लिक्विड कूलर घ्यायला सांगितलंय. ज्याला जो आकडा सोयीचा, तो त्याने पुढे करायचा, असा प्रकार आहे. ज्याने चिप बनवली त्याचाच आकडा खरा धरावा आणि बाकीचे प्रोग्रॅम काढून टाकावेत. पटतंय का?

पिंपळपार:
नाही पटत. 'एका चिपला एकच तापमान' इथेच गाडी चुकते. तुमच्या प्रोसेसरच्या झाकणाखाली सिलिकॉनचे दोन तुकडे आहेत. सहा कोअरचा, म्हणजे हिशोब करणाऱ्या भागांचा, 7 नॅनोमीटर तंत्राने बनवलेला एक, आणि मेमरी वगैरे सांभाळणारा 12 नॅनोमीटर तंत्राचा दुसरा. ब्राउझर उघडला की एखाद्या कोअरचा वेग क्षणभर 4.6 गिगाहर्ट्झपर्यंत जातो, तेवढीच जागा तापते आणि लगेच निवते. टीसीटीएल/टीडाय त्या सगळ्यात गरम जागेच्या मागे असतो, म्हणून उड्या. रायझन मास्टर सरासरी काढून दाखवतो, म्हणून 42. बोर्डाचा 'सीपीयू' आकडा बऱ्याच बोर्डांवर मुद्दाम संथ केलेला असतो, नाहीतर पंखा दर दोन सेकंदांनी घोंघावला असता. आणि बायॉसमध्ये कोअर झोपत नाहीत, विंडोजमध्ये रिकाम्या वेळी झोपतात. म्हणून तिथे आकडा चढा. चारही खरे आहेत, चार वेगळ्या गोष्टींचे आहेत.

ओसरी:
पिंपळपार, माहिती बिनचूक, पण मला माळरान यांचा राग रास्त वाटतो. मात्र 'ज्याने बनवली त्याचा आकडा खरा' हा उपाय काही खरा नाही. 2017 मध्ये रायझन 7 1700एक्स आणि 1800एक्स आले तेव्हा एएमडीनेच टीसीटीएलमध्ये 20 अंश मिळवून ठेवले होते. पंख्यांचं वागणं सगळ्या मॉडेलांवर सारखं राहावं हे कारण. ज्या प्रोग्रॅमला ही वजाबाकी माहीत नव्हती तो 50 अंशांच्या चिपला 70 दाखवायचा. साध्या 1700 ला ही भर नव्हती, म्हणजे शेजारीशेजारी दोन मशीनची तुलनाही करता येईना.

इंटेलवाल्यांनीही हे भोगलंय. त्यांचा सेन्सर तापमान सांगतच नाही, कमाल मर्यादेपासून किती अंश खाली आहे ते सांगतो. त्यांच्या जुन्या 'कोअर 2' प्रोसेसरच्या काळात डेस्कटॉप चिपची ती मर्यादा जाहीर नव्हती. एका प्रोग्रॅमने 95 धरली, दुसऱ्याने 105, की त्याच चिपवर सरळ 10 अंशांचा फरक! पुढे नेहालेम या पिढीपासून मर्यादा चिपमध्येच लिहिलेली असते, तेव्हा हा घोळ मिटला. सामान्य माणसाने हे सगळं पाठ करायचं का? प्रत्येक आकड्यापुढे 'सर्वांत गरम जागा', 'सरासरी', 'बोर्डाचा' एवढं लिहायला कंपन्यांचं काय जातं?

सोल्डरगन:
दुरुस्तीचं काम करतो, म्हणून लिहितो. रिकाम्या मशीनच्या आकड्यांवर भांडू नका, त्यावरून काहीच ठरत नाही. इंटेलचा सेन्सर तर मर्यादेजवळच नेमका असतो, खालच्या तापमानाला तो सैल मोजतो. माळरान, सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण कामाला लावणारी चाचणी) अर्धा तास चालवा. टीसीटीएल/टीडाय सर्वाधिक किती गेला आणि क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, पडला का, एवढंच बघा. तुमच्या चिपची मर्यादा 95 आहे. खोलीचं तापमानही लिहा. विदर्भात मे महिन्यात खोलीच 38 वर असते, तिथे जानेवारीतला आकडा मागण्यात अर्थ नाही.

आणि दोन प्रोग्रॅम एकदम चालू ठेवू नका. दोघेही बोर्डाच्या त्याच चिपला विचारायला गेले की कधीकधी भलतेच आकडे येतात. बोर्डाच्या यादीत 'ऑक्सटिन' (जादा सेन्सरसाठीची पिन) समोर 127 बघून घाबरलेली माणसं माझ्याकडे मशीन घेऊन येतात. त्या पिनेला बहुतेक वेळा सेन्सरच जोडलेला नसतो.

माळरान:
चालवलं. खोली 34, टीसीटीएल/टीडाय सर्वाधिक 83, बोर्डाचा 'सीपीयू' 76. क्लॉक शेवटपर्यंत तसाच राहिला. सोल्डरगनदादा, आभार. तरी मी म्हणेन की पडद्यावर एकच आकडा हवा, तुम्ही सांगितलेला. बाकीचे हवे त्याने उघडून बघावेत. हाच 83 त्या दुकानदाराने पाहिला तर तो दुप्पट जोरात कूलर विकेल.

पिंपळपार:
लपवायला माझा विरोधच राहील. कूलर नीट बसला नसेल तर काय होतं? काम सुरू करताच काही सेकंदांत कोअर 95 ला भिडतो, आणि हीटसिंकला (कूलरच्या धातूच्या ठोकळ्याला) हात लावावा तर गारच. बोर्डाचा आकडाही तेव्हा मागेच रेंगाळतो. ही तफावत दिसली की समजायचं, प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट तरी सुकलीय किंवा कूलरखालचं प्लास्टिक काढायचं राहिलंय. एकाच आकड्यात हे कळणार नाही, 95 बघून माणूस उगाच मोठा कूलर आणेल.

सोल्डरगन:
34 च्या खोलीत त्या छोट्या कूलरवर 83 म्हणजे उत्तम. लिक्विड कूलर नको. पुढची जाळी काढून धूळ झटका, आणि ते पैसे दुसऱ्या एसएसडीला ठेवा.