बारावी सायन्स झाली, आता बीए इकॉनॉमिक्स. कॉलेज सुरू व्हायच्या आधी काय वाचू?

सायन्सवाला_नाशिक
नमस्कार मंडळी. घरच्यांशी भांडून इंजिनिअरिंग सोडलं आणि पुण्यात इकोला अ‍ॅडमिशन घेतलीये. अकरावी-बारावीत इको नव्हतंच, त्यामुळे कॉमर्सची पोरं पुढे असणार ही धास्ती आहे. दीडेक महिना हातात आहे. यूट्यूबवर शोधलं की निम्मे व्हिडिओ शेअर मार्केटचे आणि उरलेले एमपीएससीचे. सुरुवात कुठून करू? मॅथ्स बरं आहे, इंग्लिश पुस्तक मात्र डोक्यावरून जातं.

इको_शिकवते
शेअर मार्केट आत्ता राहू दे बाजूला. बालभारतीचं बारावीचं अर्थशास्त्र मराठीत आहे, पीडीएफ फुकट मिळते, ते आधी वाच म्हणजे मागणी, पुरवठा, लवचिकता, सीमांत उपयोगिता हे शब्द ओळखीचे होतील, मग एनसीईआरटीचं मायक्रो (एकेक गिऱ्हाईक, एकेक बाजार यांचं अर्थशास्त्र) इंग्लिशमधूनच घे, तेवढं जड जाणार नाही. व्याख्या पाठ करत बसू नकोस, आमची पोरं तिथेच अडकतात, मार्क पडतात पण पेपरातली बातमी कळत नाही. आकृत्या हाताने काढ.
एक गोष्ट आधी पक्की कर, मागणीतलं विचलन आणि मागणीतला बदल. कांदा महागला म्हणून लोक कमी घेतात तेव्हा मागणीचा वक्र (कुठल्या भावाला किती मागणी ते दाखवणारी रेघ) जागेवरच असतो, आपण त्याच्यावरून वर सरकतो. चातुर्मासात लोक कांदा-लसूणच सोडतात तेव्हा भाव तोच असला तरी अख्खा वक्र डावीकडे जातो. परीक्षेत निम्मी मुलं इथेच घोळ घालतात.

चाळीतला_कांदा
कांद्याचं निघालंच आहे तर लवचिकतेचं मी सांगतो, आम्ही निफाडकडचे. भाव वाढला म्हणून फोडणीतला कांदा कोणी फारसा कमी करत नाही. समजा लवचिकता, म्हणजे भाव एक टक्का वाढला की मागणी किती टक्के घटते तो आकडा, ०.४ आहे आणि माल १० टक्के कमी आला, तर भाव साधारण २५ टक्के चढतो तेव्हा कुठे मागणी तेवढी आटते. उलटं पण तसंच, पीक जोरात आलं की जास्त गोण्या विकूनही पट्टी (विक्रीचे हातात येणारे पैसे) कमीची येते. डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी झाली, ती मे २०२४ ला उठली, त्यात बाहेर जाणारा माल इथेच राहिला आणि लासलगावात भाव कोसळले. शहरातल्या गिऱ्हाइकाचा फायदा कोणाच्या खिशातून गेला ते आकृतीवर काढून बघ, पुस्तकातलं सरकारी हस्तक्षेपाचं प्रकरण तिथेच कळेल.

एमए_करून_बसलोय
धास्ती सोड भावा, मॅथ्स असलेला तूच पुढे आहेस. मार्जिनल कॉस्ट (आणखी एक नग बनवायचा वाढीव खर्च) म्हणजे एकूण खर्चाचं डेरिव्हेटिव्हच, बारावीचं ते प्रकरण परत एकदा घास. दिल्ली विद्यापीठात इको ऑनर्ससाठी सीयूईटीला (प्रवेश परीक्षेला) मॅथ्स लागतंच, उगाच नाही.
फक्त कांद्यातच अडकू नकोस, मॅक्रोही (अख्ख्या देशाचं अर्थशास्त्र) थोडं बघ. रिझर्व्ह बँकेला महागाईचं ४ टक्क्यांचं टार्गेट आहे, दोन टक्के वर-खाली चालतं. महागाई ६ वरून ४ वर आली की आमच्या ग्रुपवर काका लोक विचारतात, मग किराणा स्वस्त का नाही झाला? अरे, १०० चे १०६ झाले आणि पुढच्या वर्षी ११०.२४. वाढायचा वेग कमी झाला, भाव नाही. आणि अकरावीचं एनसीईआरटीचं स्टॅटिस्टिक्स सोडू नकोस, महागाई ज्याने मोजतात तो निर्देशांक त्यातच आहे.

सायन्सवाला_नाशिक
सगळ्यांचे आभार, बालभारती डाउनलोड केलं. ताई, मग कांदेनवमीला वक्र उजवीकडे जाणार ना? पण एक कळेना, चातुर्मासात मागणी कमी होते म्हणताय, तरी दिवाळीच्या आसपास बऱ्याचदा कांदा महागच असतो.

चाळीतला_कांदा
हो, उजवीकडे. महाग होतो कारण तोवर चाळीतला (साठवणीच्या शेडमधला) उन्हाळ कांदा सडून, वाळून संपत आलेला असतो आणि नवा लाल कांदा अजून पुरता मार्केटला आलेला नसतो. पुरवठ्याचा वक्र पण डावीकडे जातो, आणि मागणीपेक्षा जास्त जातो. त्यात परतीच्या पावसाने लाल कांद्याचं नुकसान केलं की विचारूच नको.

इको_शिकवते
दोन्ही वक्र एकाच आकृतीत काढ आणि फोटो टाक इथे, तपासून देते.