लाल बही आणि कुलूपबंद टॅली : आपापले अनुभव लिहावेत

सीतलामाता_बाजार
दिवाळीच्या साफसफाईत दुकानाच्या पोटमाळ्यावरून वडिलांची लाल कापडी बही, म्हणजे हिशेबाची वही, खाली आली आणि काही वर्षांपूर्वीची ती सोमवारची सकाळ आठवली. संगणक सुरू केला तेव्हा टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या सर्व फाइलींची नावे बदललेली होती आणि पडद्यावर बिटकॉइनमध्ये खंडणी मागणारी चिठ्ठी होती. हिशेबनीस रात्री घरून काम करत असत, म्हणून रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुरून दुकानाचा संगणक चालवण्याची सोय, उघडा ठेवलेला होता. त्याचा पासवर्ड म्हणजे दुकानाचे नाव आणि पुढे १२३, त्यामुळे चोराला कुलूप तोडावेही लागले नाही. बॅकअप होता, परंतु ज्या पेनड्राइव्हवर तो होता तो वर्षभर संगणकाला लावलेलाच असे, म्हणून तोही त्याच रात्री गेला. उधारी वसूल झाली ती केवळ वडिलांमुळे, कारण आमची थट्टा सहन करूनही त्यांनी कापडाच्या प्रत्येक थानाची नोंद बहीत करणे सोडले नव्हते. खंडणी दिली नाही, पण चार महिन्यांचे हिशेब बिलांच्या गठ्ठ्यांवरून पुन्हा भरावे लागले. आपल्या घरी वा दुकानात असे काही घडले असेल, किंवा घडता घडता टळले असेल, तर अवश्य लिहावे.

जेलरोड_दुरुस्ती
माझ्याकडे येणारे गिऱ्हाईक बॅकअप असल्याचे छातीठोकपणे सांगते, पण तो कधी उघडून पाहिला का असे विचारले की गप्प होते. दोन हार्ड डिस्क घ्याव्यात, एक दुकानात व एक घरी ठेवून दर शनिवारी अदलाबदल करावी आणि महिन्यातून एकदा त्यातली एखादी जुनी फाइल उघडून पाहावी. चोरीचे विंडोज वापरू नका असेही पूर्वी सांगत असे, परंतु ते ऐकून लोक शेजारच्या दुकानात जाऊ लागले.

राजेंद्रनगरची_सून
कुकरच्या शिट्ट्या मोजत लिहीत आहे, चुका पोटात घालाव्यात. सासूबाईंना व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका आली, तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ अशी अक्षरे होती, म्हणजे ती पत्रिका नसून फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल होती, आणि त्यांनी ती उघडून फोनने जे जे विचारले त्याला होकार दिला. थोड्याच वेळात न मागितलेले ओटीपी येऊ लागले. मी त्यांचा फोन एअरप्लेन मोडवर टाकला, वायफायही बंद केले आणि माझ्या फोनवरून बँकेला कळवून खाते थांबवले. पैसे वाचले, परंतु तोवर ती पत्रिका त्यांच्या नावाने साऱ्या भजनी मंडळाला गेली होती आणि आम्हाला घरोघरी फोन करून ती उघडू नका असे सांगावे लागले. लग्न नक्की कोणाचे होते, हे सासूबाई अजूनही विचारतात.

पोहे_जलेबी
२०२५ च्या जानेवारीत आपल्याच मध्य प्रदेशात, खजुराहोला, दुकानांबाहेरच्या क्यूआर कोडवर रात्रीतून दुसरे कोड चिकटवल्याची बातमी आली होती. ती वाचल्यापासून मी आमचा कोड काउंटरच्या आत काचेखाली ठेवतो आणि पहाटे कढई चढवण्याआधी स्वतःच एक रुपया पाठवून पाहतो. सकाळच्या गर्दीत गिऱ्हाईक पडद्यावरची हिरवी खूण दाखवते आणि आपण मान डोलावतो, पण तशी खूण दाखवणारी खोटी अ‍ॅपे आहेत, त्यामुळे पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणारा साउंडबॉक्स बोलला नाही तर पैसे आले नाहीत असेच धरावे.

निवृत्त_रोखपाल
सूनबाईंनी केले ते योग्यच, त्यात एवढीच भर घालतो की पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या क्रमांकावर फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता आली तरच हाती लागते. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार चूक आपली नसेल, बँकेचीही नसेल आणि पैसे गेल्याची बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत आपण कळवले, तर नुकसान आपल्यावर येत नाही. ओटीपी आपणच दिला असेल तर मात्र कळवेपर्यंतचे नुकसान आपले. बँकेचा क्रमांक इंटरनेटवर शोधू नये, तो कार्डाच्या मागे छापलेला असतो. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे गल्ल्यावर बसून मी इतक्यांदा सांगितले आहे की आता झोपेतही बडबडतो, असे घरचे म्हणतात.

लष्करचा_भाचा
ग्वाल्हेरच्या आमच्या आत्याला पोलिसाच्या वेशातल्या माणसाने व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अरेस्ट’ केले होते, म्हणजे कॅमेऱ्यासमोरून उठायचे नाही आणि कोणाला सांगायचे नाही. असा प्रकार कायद्यात नाहीच, हे तिला ठाऊक नव्हते. परंतु दूध ऊतू जात असताना बसून राहणे तिला जमले नाही, ती उठली, आणि स्वयंपाकघरात शेजारीण भेटली म्हणून बोलणे झाले.

सीतलामाता_बाजार
आत्याबाईंना नमस्कार सांगावा. जेलरोडकर, दुसरी डिस्क आजच घेतली.

सुदामानगर_७
आमचे बाबा यूपीआयचा पिन कालनिर्णयच्या मागे लिहून ठेवतात आणि आकडे उलटे लिहिले आहेत, म्हणून काळजी नसावी असे म्हणतात. त्यांना कसे समजवावे?

राजेंद्रनगरची_सून
ते आकडे उलटे आहेत हे आपण इथे सर्वांना सांगितलेत, तेव्हा आधी काकांना पिन बदलायला लावा. शिट्टी झाली, येते.