वेदना दाबणारा मेंदूचा भाग आणि ‘थोडे सहन करा’ हा सल्ला

(सोलापूरच्या तीन वस्त्यांतील तिघांचा हा वाद; प्रत्येक मतावर लिहिणाऱ्याच्या वस्तीचे नाव दिले आहे.)

साखर पेठ

सोलापुरात पाठ, मान किंवा गुडघा दुखतो म्हणून दवाखान्यात गेलेला माणूस बहुधा पाचेक मिनिटांत वेदनाशामक गोळ्यांची चिठ्ठी घेऊन बाहेर पडतो आणि पुढे तीच चिठ्ठी दाखवून महिनोन्महिने गोळ्या नेत राहतो. वेदना दाबण्याची जी व्यवस्था शरीरात आधीच आहे, तिला संधी न देता गोळी सुरू करणे म्हणजे उपचारांचा क्रम उलटा करणे होय, असे माझे मत आहे.

मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या मस्तिष्कस्तंभाच्या वरच्या भागात, मेंदूतील द्रव वाहून नेणाऱ्या एका अरुंद नलिकेभोवती, पेरिअ‍ॅक्विडक्टल ग्रे नावाचा पेशींचा पट्टा असतो. डेव्हिड रेनॉल्ड्स या संशोधकांनी उंदरांच्या याच भागाला विजेचे उद्दीपन देऊन, भुलीच्या औषधाशिवाय, त्यांच्या पोटावर शस्त्रक्रिया केल्याचे 1969 मध्ये प्रसिद्ध केले. या पट्ट्यातून निघालेला संदेश खाली मेड्युलात, म्हणजे मस्तिष्कस्तंभाच्या खालच्या भागात, आणि तेथून मज्जारज्जूत उतरतो. जखमेकडून आलेली वार्ता जिथे पुढच्या चेतापेशीच्या हाती दिली जाते, तिथेच तो तिला अडवतो. आषाढीच्या वाटेवर नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करीत आलेल्या वारकऱ्यांचे तळपाय ज्यांनी पाहिले आहेत, सुईने फोडून पाणी काढलेले फोड आणि त्यावर बांधलेल्या चिंध्या पाहिल्या आहेत, त्यांना ही व्यवस्था काय करू शकते हे वेगळे सांगावे लागणार नाही.

विडी घरकुल

माझी आई चाळीस वर्षे विड्या वळत आली आहे. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, हातात कात्रीने मापात कापलेले तेंदूपान आणि मान सतत खाली. तिची मान आणि अंगठ्याचे मूळ दुखते. एका दवाखान्यात तिला ‘या वयात थोडे सहन करायला शिका’ असे सांगून परत पाठवण्यात आले. तुमचा मुद्दा कितीही शास्त्रीय असला तरी व्यवहारात त्याचे हेच रूप होते, आणि ते बहुतेक वेळा बाईच्या आणि गरिबाच्याच वाट्याला येते, म्हणून मी त्याला विरोध करतो.

शिवाय वारकऱ्याचा दाखला इथे लागू पडत नाही. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर काम केलेल्या हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरांनी 1946 मध्ये लिहून ठेवले आहे की, गंभीर जखमी सैनिकांना विचारले असता त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांनी वेदनाशामक नको असल्याचे सांगितले. बीचर यांनी त्याचे कारणही सुचवले होते: त्या सैनिकासाठी जखम म्हणजे रणांगणातून सुटका होती. वारकऱ्यापुढे पंढरपूर असते आणि एकादशीनंतर चालणे संपते. आईपुढे उद्याच्या हजार विड्या असतात आणि त्यातल्या किती छाट म्हणून बाजूला काढल्या जातील ही धास्ती असते. तिचा मेंदू तिची वेदना कशाच्या भरवशावर दाबणार आहे?

होटगी रोड

मी व्यवसायाने भूलतज्ज्ञ आहे. वरच्या दोन्ही मतांत एक बाब सुटली आहे आणि ती सुटल्यामुळेच वाद ‘गोळी की शरीर’ अशा चुकीच्या वळणावर गेला आहे.

मेड्युलातील ज्या भागातून हा मार्ग जातो, तिथे हॉवर्ड फील्ड्स हे मेंदूसंशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दोन प्रकारच्या पेशी आढळल्या; त्यांना त्यांनी ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ अशी नावे दिली. ऑफ पेशी सक्रिय असताना मज्जारज्जूतील वेदनेची वार्ता दबते, तर ऑन पेशी सक्रिय झाल्या की तीच वार्ता अधिक ठळक होऊन वर जाते. म्हणजे हा रेडिओच्या आवाजाच्या खटक्यासारखा दोन्हीकडे फिरणारा प्रकार आहे, आणि तो कोणीकडे फिरावा हे रुग्णाच्या निर्धारावर अवलंबून नसते. भीती, अपुरी झोप, दीर्घकाळची सूज, उपचारांविषयीची अपेक्षा, अशा अनेक गोष्टी त्यात हस्तक्षेप करतात. फायब्रोमायल्जियाच्या, म्हणजे अंगभर दीर्घकाळ दुखत राहण्याच्या विकाराच्या, अनेक रुग्णांत वेदना दाबण्याची ही क्षमता मुळातच क्षीण झालेली आढळते. त्यांना ‘सहन करा’ म्हणणे म्हणजे लंगड्याला पळायला सांगणे आहे.

दुसरे असे की, औषधे या यंत्रणेच्या बाहेरची नाहीत. मॉर्फिनचा मोठा परिणाम याच पट्ट्यातून होतो. मधुमेहातील पायांच्या आगीसाठी आम्ही जे ड्युलोक्सेटिन देतो, ते नॉरअ‍ॅड्रेनालिन आणि सेरोटोनिन ही चेतापेशींची संदेशवाहक रसायने अधिक काळ उपलब्ध ठेवून याच उतरत्या मार्गाला बळ देते. त्यामुळे ‘आधी शरीराला संधी’ या मांडणीला शरीरशास्त्राचा आधार मिळत नाही.

साखर पेठ

‘सहन करा’ हे शब्द माझे नाहीत आणि त्यांचे समर्थनही मी करणार नाही. मात्र भूलतज्ज्ञांनी ‘अपेक्षा’ हा शब्द ओझरता वापरून सोडून दिला, तिथेच माझा मुद्दा आहे. 1978 मध्ये लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी दाढ काढलेल्या रुग्णांवर केलेल्या प्रयोगात, औषध नसलेल्या द्रावणाने मिळणारा आराम नॅलॉक्सोन दिल्यावर रोखला गेला. नॅलॉक्सोन हे अफूजन्य औषधांचा परिणाम रोखणारे द्रव्य आहे. म्हणजे निव्वळ विश्वासातून आलेला आराम शरीराच्या स्वतःच्या अफूसारख्या रसायनांनीच दिला होता. पुढे असेही दिसले की, तेवढेच मॉर्फिन रुग्णाला नकळत यंत्राने सोडले तर ते, डॉक्टरांनी समोर उभे राहून दिल्याइतके गुणकारी ठरत नाही. मग मान वर न करता चिठ्ठी खरडणारा डॉक्टर त्या औषधाचा काही भाग वायाच घालवतो, असे मी म्हटले तर त्यात अतिशयोक्ती कुठे आहे?

गोळ्यांची किंमतही विसरू नये. डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास जठराला आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, आणि शरीरातील पाणी कमी झालेले असताना मूत्रपिंडांचा धोका वाढतो. आपल्याकडच्या मे महिन्यात, पंखाही नसलेल्या यंत्रमाग कारखान्यात बारा तास उभ्या राहणाऱ्या कामगाराने रोज अशी गोळी घ्यावी, हे मला कोणत्याही बाजूने पटत नाही. चालणे, व्यायाम आणि आपल्याला काय झाले आहे याचे नीट आकलन यांनीही वेदना कमी होते.

होटगी रोड

व्यायामाबाबत सहमत, एका अटीवर. जुनाट वेदनेच्या काही रुग्णांत व्यायामाने सुरुवातीला वेदना वाढते. त्यांना अगदी थोड्यापासून, देखरेखीखाली सुरुवात करावी लागते. ‘रोज चालत जा’ एवढे सांगून भागत नाही.

विडी घरकुल

समजावून सांगण्याला माझी हरकत नाही. ते गोळीऐवजी नको, गोळीबरोबर हवे. आणि समजावणाऱ्याने आधी किती वेळ बसावे लागते, सूप कोणत्या उंचीवर असते, रात्री झोप किती होते हे विचारावे, कारण भूलतज्ज्ञांचे ऐकले तर खटका फिरवणाऱ्या गोष्टी नेमक्या तिथे आहेत. आमच्या वस्तीतील कित्येक वृद्ध बायका आपले दुखणे तेलुगूतच धड सांगू शकतात. ओपीडीच्या खिडकीपाशी ते ऐकून घेणारे एक माणूस नेमले, तर साखर पेठकरांच्या म्हणण्याला मी निम्मी तरी संमती देईन. तोवर आईची चिठ्ठी मी जपून ठेवणार आहे.